न लिहिलेलं दिवाळीचं पत्र

भिलाई, कॅम्प एक
२७ नोव्हेंबर १९६०

जयाताईले तेजरामचा नमस्कार.

आधी गुन्हा कबूल करतो. हे अंतर्देशीय मी जुलैत विकत घेतलं. तुझा पत्ता लिहिला, वर "प्रिय ताई" लिहिलं, तेवढ्यात बाहेर गलका झाला की रशियन साहेबाची जीप नालीत गेली. ती काढायला मी गेलो, तिथूनच एकानं मले रिव्हेटच्या गँगमध्ये ओढलं, आणि पत्र पेटीच्या तळाशी गेलं ते आज निघालं. पाच महिने एक ओळ नाही. दिवाळीलेही नाही. मनात तुले रोज चार पानं लिहीत होतो, पण मनातलं पोस्टात पडत नाही.

रिव्हेटचं काम सुटलं. तापून लाल झालेला रिव्हेट चिमट्यानं वर फेकायचा, वरच्या माणसानं तो डब्यात झेलायचा. मी कारखान्याच्या नव्या चिमणीकडं पाहून राहिलो होतो, आणि रिव्हेट मुकादमाच्या छत्रीतून आरपार गेला. मग महिनाभर एका साहेबाच्या बागेले पाणी घातलं. तो साहेब मुळा मिठाले लावून कच्चा खातो आणि मलेही देतो. मुळ्यानंच कंटाळा आला, सोडून दिलं.

आता मात्र जमलं आहे. भैयालाल नावाचा राजनांदगावचा माणूस आहे, त्याच्याकडं सिनेमाचं मशीन आहे. रविवारी दुपारी रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांवर पोती टांगून तो खेळ करतो. मी रीळ गुंडाळतो, तुटलेली फिल्म जोडतो. पण माझं खरं काम वेगळंच. इथं तेलुगू, उडिया, पंजाबी सारे आहेत. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या छत्तीसगडी बाया आहेत, त्यांले रेजा म्हणतात. साऱ्यांले सिनेमातलं बोलणं समजत नाही. म्हणून मी पडद्याच्या बाजूले स्टुलावर उभा राहून गोष्ट सांगतो. राक्षस आला की राक्षसाचा आवाज, राणी रडली की राणीचा. लोक मले आता सांगणारा बाबू म्हणतात. बाबा असते तर म्हणाले असते, देवाजीचा पोरगा शेवटी बोलूनच पोट भरून राहिला.

दौलतराव भाऊजींचं पत्र आलं आहे, त्याचंही उत्तर राहिलं. तुझ्या सासूबाईले नमस्कार. राधाबाई अजूनही बोलत नाहीत का? लग्नात मी त्यांच्या तीन वेळा पाया पडलो, तिन्ही वेळा त्यांनी नुसतं पान लावलं.

तुझा
तेजराम


आमगाव, रेल्वे क्वार्टर
४ डिसेंबर १९६०

चि. तेजराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा हे माल ऑफिसात ड्यूटीवर होते. सासूबाईंनी घेतलं. दुपारी मी तांदूळ निवडत होती, तर त्यांनी ते माझ्या सुपात ठेवलं आणि निघून गेल्या. बोलल्या काही नाही.

तू लिहितोस की दिवाळीले पत्र टाकलं नाही. असं कसं? तुझं दिवाळीचं पत्र आलं होतं. यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं, आणि मी ते हरवलं. तीन दिवस शोधलं, गादीसुद्धा उसवली. आठवतच नाही की कधी हातात घेतलं. तूच लिहून विसरला असशील. आपल्या घरातच हे असावं.

तुले सांगायचं नव्हतं, पण माझं डोकं ठिकाणावर नाही रे. कोठीची चावी मी देवाजवळच्या खुंटीवर ठेवते, ती सरपणात सापडते. यांचं हातातलं घड्याळ चार दिवस हरवलं होतं, ते माझ्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत निघालं. शेजारणीदेखत निघालं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र ओरडत नाहीत. डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, जया, तुझा दोष नाही. सहा वर्षं झाली, मूल नाही, त्यावरूनही कधी शब्द काढला नाही. असा माणूस कोणाले मिळतो?

हळदीकुंकवाले मी आता जात नाही. तिथं काही उचलून आणलं तर काय, असं हेच म्हणाले, आणि खरंच आहे. मी एकच पत्र दोनदा लिहिते, म्हणून माझी पत्रं हे आधी वाचतात, आणि हसं होईल असं असलं की फाडून टाकतात. हे पत्र मात्र मी शेजारच्या रमाजवळ दिलं. काऊन दिलं ते मलेच सांगता येत नाही.

यांनी तुले कशाबद्दल लिहिलं?

हे सारं मी तुले आधी लिहिलं असेल तर परत वाचू नको.

तुझी
जया


आमगाव
७ डिसेंबर १९६०

चि. तेजराम यांस दौलतरावाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या मागील पत्राचे उत्तर आले नाही. तुमची भटकंती चालू असेल, त्याबद्दल राग नाही.

सौ. जयाची प्रकृती दिवसेंदिवस खालावत आहे. ती वस्तू लपवते व मग रडते. मी आणि मातोश्री तिला फुलासारखे जपतो. आता मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे ठरवले असून त्याकरिता, तसेच आमच्या साहेबांपुढे ठेवण्याकरिता, माहेरच्या माणसाचा लेखी कागद हवा आहे. तिच्या माहेरचे म्हणून तुम्हीच काय ते उरला आहात. जया लहानपणापासून विसराळू असून तिच्या डोक्यावर पूर्वीपासूनच परिणाम होता, असा मजकूर लिहून खाली सही करावी. लग्नात तुम्हीच शेळ्यांची हकीगत सांगून सर्वांना हसवले होते. ती अवश्य लिहावी.

तिला यातले काही कळवू नये. तिच्या मनाला लागेल.

येथे स्टेशनवर एक जागा निघण्यासारखी आहे. तुमचा शब्द टाकून ठेवला आहे. कागद या आठवड्यात पोचेल असे पाहावे.

आपला
दौलतराव


भिलाई
१० डिसेंबर १९६०

भाऊजींले तेजरामचा साष्टांग नमस्कार.

उशिराबद्दल माफी. ताईच्या अशा अवस्थेत तुम्ही तिले सांभाळून राहिले, हे आजच्या काळात कोण करतो? कागद लिहून तयार आहे. शेळ्यांचं सारं लिहिलं आहे, ताईनं हरवल्या कशा, बाबांनी मारलं कसं. उद्या रविवारचा खेळ आहे, खेळ झाला की भैयालालकडून पाकीट घेऊन सोमवारी टाकतो. जागेचं जरूर पाहा. मले स्टेशन आवडते, तिथं माणूस एका जागी राहूनही जात असल्यासारखा असतो.

तेजराम


भिलाई
१२ डिसेंबर १९६०

ताई,

हे पत्र पोस्टानं टाकत नाही. भैयालाल फिल्मची पेटी परत करायला गोंदियाले जाऊन राहिला आहे, त्याले आमगावले उतरायला लावलं. त्याले सांगतलं आहे की भाऊजी ड्यूटीवर गेल्यावरच जा, आणि तू नाही दिसली तर म्हातारीच्या हातात दे. मागचं पत्र तिनं तुले दिलं, हेही देईल. एकटी असतानाच वाच.

आधी कालची गोष्ट सांगतो. तू म्हणशील, हा पुन्हा भरकटला. नाही भरकटलो.

काल हनुमानाचा धार्मिक खेळ होता. बाया अंघोळ करून आल्या होत्या, एकीनं तर नारळ आणला होता. पेटी उघडली तर आत इंग्रजी सिनेमा. स्टेशनावर पेट्या बदलल्या असतील. गोदाम भरलेलं. भैयालालच्या तोंडचं पाणी पळालं. मले म्हणाला, "तू तो अंग्रेजी पढ़ा है न, बोल दे कुछ भी।" मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलो तेही अर्धं नाल्यावर. पण स्टुलावर चढलो.

पडद्यावर मोठा बंगला, लाकडी जिना, काळ्या कोटातला गोरा नवरा आणि त्याची बायको. बायको सारखी घाबरलेली. हातमोजा शोधते, सापडत नाही. जेवायला येते तर सारे जेवून उठलेले, नवरा तिले भिंतीवरचं घड्याळ दाखवते. मले वाटलं, गोष्ट समजली. मी सुरू केलं, "हा बिचारा सज्जन माणूस. बायको त्याची अर्धवट. वस्तू हरवते, वेळ विसरते. पण हा देवमाणूस ओरडत नाही. डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, तुझा दोष नाही." आवाज कोणाचा काढला सांगू? भाऊजींचा. हुबेहूब. लोक हळहळून राहिले. एक पंजाबी मिस्त्री म्हणाला, ऐसी औरत को मायके भेज दो.

दुसरं रीळ संपता संपता समोरून आवाज आला. भागीरथा नावाची रेजा आहे, पन्नाशीची, दात पडलेले. उभी राहून मले म्हणते, "लबारी झन मार बाबू। घड़ी ला ओही घुमाइस हे। मैं देखे हंव।" म्हणजे, खोटं बोलू नको, घड्याळ त्या नवऱ्यानंच फिरवलं, मी पाहिलं. सारे हसले. मी म्हटलं, "बाई, इंग्रजी तुले समजते का मले?" ती म्हणे, इंग्रजीचं मले काय करायचं, माझे डोळे आहेत. तुम्ही सारे या बाबूकडं पाहून राहिले होते, मी पडद्याकडं पाहत होती.

मग बायांनी गोंधळ केला, रीळ परत लाव. भैयालालनं लावलं. मले म्हणे, इस बार तू चुप बैठ। मी स्टुलावरून उतरून त्या बायांमध्ये बसलो.

ताई, ती खरंच सांगत होती. बायको खुर्चीत डुलकी घेते, नवरा मांजरासारखा येते, काटे पुढं करते. मग तिले हलवून उठवते आणि घड्याळ दाखवते. हातमोजा त्याच्याच खिशात जाते. साऱ्या गोदामानं पाहिलं. माझ्या तोंडून निघालेलं सारं उलटं होतं, आणि मी ते इतकं छान सांगून राहिलो होतो की कोणाले डोळे उघडे ठेवायची गरजच पडली नाही.

माझ्या शर्टाच्या खिशात भाऊजींसाठी लिहिलेला कागद होता. तुले सांगू नको म्हणाले होते, आता सांगतो. तू लहानपणापासून अर्धवट आहेस असं त्यांनी माझ्याकडून लिहून मागतलं होतं, आणि मी लिहिलं होतं. शेळ्यांची गोष्ट लिहिली होती. ताई, शेळ्या तू हरवल्या नव्हत्या. त्या दिवशी राखण माझी होती, मी पळसाखाली झोपलो होतो, आणि तू बाबांपुढं जाऊन म्हणाली की मी विसरली. मार तू खाल्ला. मी ती गोष्ट इतके वेळा हसून सांगतली की मलेच खरी वाटायला लागली. खाली सही करायची फक्त बाकी होती. कागद मी तिथंच फाडला.

आणि मग दिवाळीचं पत्र आठवलं. ताई, मी दिवाळीले पत्र लिहिलं नाही. माझा आळस मी चांगला ओळखतो. जे पत्र मी लिहिलंच नाही ते भाऊजींनी वाचलं कसं आणि तू हरवलं कसं?

आज सकाळी आमच्या टाइमकीपर देवरावांकडं गेलो. ते नागपूरकडचे, नियम सारे पाठ. म्हणाले, सरकारी नोकरीत आता पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही, नोकरी जाते. पहिलीच्या डोक्यावर परिणाम आहे असं माहेरच्यांनीच लिहून दिलं तर माणूस कोर्टात जाऊन मोकळा होऊ शकतो. साहेबांपुढं कागद काऊन पाहिजे होता, ते समजलं का?

माझं चुकलं असेल तर भाऊजींचे पाय धरीन. म्हणून तू एकच कर. भांडू नको, रडू नको. जेवायला बसले की सहज विचार, तेजरामच्या दिवाळीच्या पत्रात काय काय होतं? आणि ऐक.

तेजराम


गोंदिया, सिंधुमावशीचं घर
१९ डिसेंबर १९६०

तेजराम,

मी मावशीकडं आहे. बरी आहे. आधी हे लिहिते म्हणजे बाकीचं तू नीट वाचशील.

तुझा भैयालाल दारात येऊन "अम्मा, बर्तन को कलई करानी है क्या" असं विचारून राहिला होता. सासूबाईंनी त्याच्या हातात ना भांडं पाहिलं ना भट्टी, तरी म्हणाल्या, आत ये. पत्र माझ्या हाती आलं. तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. शेळ्यांवरून नाही, यांच्यावर असा आळ घेतला म्हणून.

संध्याकाळी ताट वाढलं आणि विचारलं. काय काय होतं हो त्या पत्रात? यांनी घास थांबवला नाही. म्हणाले, तेजरामले ताप आला होता, नवीन धोतर घेतलं, दिवाळीले चकल्या खाव्याशा वाटल्या, ताईच्या हातच्या. इतकं गोड सांगतलं. मी ऐकत गेली आणि माझं डोकं एकदम स्वच्छ झालं, रे. कित्येक महिन्यांनी. तू धोतर कधी नेसतोस? मी "हो का" म्हटलं आणि भात वाढला.

झोपण्याआधी मी मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घेतली. आमगावले थांबणाऱ्या साऱ्या गाड्या वेळेसकट म्हणून पाहिल्या. वर जाणाऱ्या, खाली जाणाऱ्या, मालगाड्यांसकट. एक चुकली नाही. आईच्या साऱ्या ओव्या म्हटल्या. लग्नात कोणी काय आहेर दिला तेही आठवलं. वेडीले येईल का?

सकाळी हे ड्यूटीवर गेल्यावर पिशवी घेऊन निघाली. सासूबाई विहिरीवर होत्या. मले पाहिलं आणि पाठ फिरवली. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, एक शब्द नाही निघाला. ते मात्र लागलं मनाले. लेकाच्या बाजूच्याच त्या, दुसरं काय.

स्टेशनवर साऱ्यांनी पाहिलं. कोणी अडवलं नाही, हे माल ऑफिसात आत होते. गाडी हलली तेव्हा मी हसत होती की रडत होती, ते समोरच्या बाईलेच विचारावं लागेल.

मावशी म्हणते, पहिले चार दिवस नुसतं झोप. मी झोपून राहिली. इथं चावी जिथं ठेवते तिथंच सापडते. इतकी साधी गोष्ट आहे, पण मी दिवसातून तीनदा जाऊन पाहते आणि मले बरं वाटते.

जया


भिलाई
२४ डिसेंबर १९६०

ताई,

तुझं पत्र मी स्टुलावर उभा राहून साऱ्या कॅम्पले वाचून दाखवणार होतो, भैयालालनं खाली ओढलं. पण भागीरथाले सांगतलं. तिनं घमेलं खाली ठेवलं, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाली, तुझी बहीण हुशार आहे, तूच तेवढा राहिला. मले हे मान्य आहे. आठ दिवसांत काल मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पण एक गोष्ट लिहिणं भाग आहे. भाऊजींचं पत्र आलं. आता आशीर्वाद नाही, नुसतं "श्री. तेजराम". लिहितात की बायको न सांगता घरातून पळाली, स्टेशनवर साऱ्यांनी पाहिलं, हाच तिच्या वेडाचा पुरावा, आणि साहेबांकडं अर्ज गेला आहे. डोंगरगढच्या एका कंत्राटदाराच्या मुलीशी त्यांच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे असं देवरावांच्या कानावर आलं. देवराव म्हणाले, घाबरू नका, सिंधुमावशीकडून डॉक्टरचा दाखला घ्या, तुम्ही पत्राचं खरं लिहून द्या. पण तुम्ही पडले भाऊ, आणि ती पडली बायको. त्या घराच्या आतलं कोणी बोललं तर अर्ज एका दिवसात पडेल. मी म्हटलं, त्या घराच्या आत भिंती आहेत आणि एक म्हातारी आहे, आणि बोलण्याच्या बाबतीत दोघींत फरक नाही.

तरी तू काळजी करू नको. तू तिथून निघालीस, मोठं काम झालं. मी नाताळच्या दुसऱ्या दिवशी गोंदियाले येतो, आणि या वेळी मधात कोणाची जीप नालीत गेली तरी

थांब, ताई. मधेच उठलो होतो. भैयालाल हाका मारून राहिला होता की बाहेर कोणी बाई सांगणाऱ्या बाबूले विचारून राहिली आहे. मले वाटलं एखादी रेजा. पाहतो तर राधाबाई. तुझ्या सासूबाई. एकट्या. पायात चप्पल नाही, काखेत गाठोडं. दुर्गले गाडीतून उतरल्या आणि आमगावले भैयालालनं सांगतलेलं ठिकाण विचारत विचारत इथवर चालत आल्या. म्हातारी आयुष्यात आमगावच्या बाहेर एकटी गेली नव्हती.

मी पाया पडलो. या वेळी पान लावलं नाही. म्हणाल्या, "सून पोचली का?" मी म्हटलं, पोचली, मावशीकडं आहे. तर तिथंच फिल्मच्या पेटीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. पाणी दिलं. मग एकदम बोलायला लागल्या, ताई, जसा नळ फुटतो तसा. "चावी तो सरपणात टाके, मी पाहे. घड्याळ त्यानं तिच्या ट्रंकेत घातलं, मी चुलीपाशीच होती. पोटचा आहे म्हणून तोंड शिवून बसली. ती निघाली तेव्हा पाठ फिरवली, पाहिलं नाही म्हणून सांगता यावं. पण आता तो माझ्याजवळ आला आणि म्हणे, आई, तूही साहेबापुढं सांग, सून वेडी आहे म्हणून. मी त्याच्याकडं पाहिलं आणि हे गाठोडं बांधलं."

भैयालालनं भाकर पुढं केली तर हातानं सारली. मी सांगतलं, आजी, आराम करा, उद्या बोलू. तर माझ्यावरच ओरडल्या. देवरावांले बोलावणं गेलं आहे, ते येतच असतील. त्या माझ्यासमोर बसल्या आहेत आणि अंगठा शाईच्या दौतीजवळ धरून ठेवला आहे. म्हणतात, "तुझ्या बहिणीले मग लिहिजो. आधी माझं लिही. त्याले घरच्या माणसाचा कागद पायजे होता ना?"